ॲकीबाई बाहेर का येईनात?

नवी पाळीव घोरपड घरी आणली की पहिल्या आठवड्यात काय काय पाहायला मिळतं, सांगू? माती. एक सपाट दगड. पाण्याचं भांडं. आणि नशीब जोरावर असेल तर दगडाखालून डोकावणारं शेपटीचं टोक. बस्स, एवढंच!

थांबा, थांबा! लगेच आईकडे हट्ट करायला पळू नका. आपल्या देशात घोरपड पाळायला कायद्याने बंदी आहे. त्याबद्दल पुढे बोलूच. ही गोष्ट आहे इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांतल्या घरांची. तिथे काही हौशी मंडळी भल्यामोठ्या पेटीत घोरपडीच्या जातकुळीतले प्राणी पाळतात. त्यांतली बऱ्याच जणांची लाडकी म्हणजे ॲकी.

ॲकीचं मूळ गाव ऑस्ट्रेलिया, तेही उत्तर आणि पश्चिमेकडचा खडकाळ, रणरणता भाग. शेपटीसकट लांबी दोन-सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या घोरपडीपुढे अगदीच चिमुरडी. अंग विटकरी, त्यावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांची नक्षी. शेपटी मात्र बघण्यासारखी! काटेरी खवल्यांची कडी, तिच्यामागे दुसरी कडी, तिच्यामागे तिसरी, अशी टोकापर्यंत. हा नुसता दागिना नव्हे, बरं का. शत्रू मागे लागला की ॲकी दगडाच्या फटीत घुसते, छाती-पोट हवेने फुगवते आणि काटेरी शेपटीने दार बंद करते. ओढून काढा बघू आता!

गंमत अशी की युरोपातल्या ॲकींनी ऑस्ट्रेलिया कधी पाहिलेलाच नसतो. ऑस्ट्रेलियाचं सरकार आपले रानटी प्राणी विक्रीसाठी जिवंत देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे परदेशातल्या ॲकी तिथेच अंडी उबवण्याच्या यंत्रात जन्मलेल्या असतात. त्यांचे आई-बाबा तिथलेच, बहुतेक आजी-आजोबाही तिथलेच. पण हाडांना, कातडीला, पोटाला हे कोणी सांगितलेलं नाही. त्यांना अजून ऑस्ट्रेलियाचंच ऊन हवं असतं.

आता समजा, मँचेस्टरमधल्या एका घरी अशी ॲकीबाई आली. बाहेर पावसाची पिरपिर, सगळे स्वेटर घालून बसलेले. इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकायलाच मनाई आहे, त्यामुळे पैसे मोजणारे असतात बाबा आणि पेटीच्या काचेला नाक लावून बसणारी असतात पोरं. कापडी पिशवीची गाठ सोडली, पिशवी आडवी ठेवली. सर्रकन एक विटकरी रेघ दगडाखाली गेली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ताटलीतले रातकिडे तसेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी हात घातला तर फुस्सकन आवाज आणि मनगटावर शेपटीचा फटका! घरात एकच चर्चा: "आजारी आहे का? रागावलीय का? की फसवून आजारीच जनावर गळ्यात मारलं?"

बहुतेक वेळा यांतलं काहीच नसतं. ती वाचत असते.

म्हणजे काय? दगडाखालून अधूनमधून जीभ बाहेर येते, लांब, बारीक, पुढे दोन टोकं असलेली. हवा चाटल्यासारखी करते आणि आत जाते. त्या टोकांवर वासाचे कण चिकटलेले असतात. तोंडात, टाळूच्या वर, जेकबसनचं इंद्रिय नावाचा एक अवयव असतो. जीभ आत गेली की ते कण तिथे पोचतात. डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या, यावरून तो कुठल्या बाजूने आला हेही कळतं. ही बशी, हा दगड, हा बाबांचा साबण, हे शेजारच्या खोलीतलं मांजर! असा सगळ्या घराचा हिशोब तिला जिभेने मांडायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून जुनेजाणते पाळणारे एक युक्ती करतात. आपला दिवसभर घातलेला जुना टी-शर्ट पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवून देतात. ॲकी कधी कधी चक्क त्यातच झोपते. मग तो वास म्हणजे धोका नव्हे, हे हळूहळू तिच्या डोक्यात बसतं.

हात वरून घालायचा नाही, हा दुसरा नियम. घोरपडीच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, त्याच्याखाली असतो तिसरा डोळा. खरंच! त्याने चित्रं दिसत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळतो. त्यातून रानात वरून झेपावणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा शिकारी पक्षी. आता तुम्हीच सांगा, डोक्यावरून पाच बोटांचं सावट आलं तर तिने शेपटी मारू नये तर काय नमस्कार करावा? म्हणून पहिला आठवडा-पंधरवडा तिला उचलायचंच नाही. पाणी बदलायचं, किडे ठेवायचे, पेटीसमोर बसून आपला गृहपाठ करायचा. हे शेवटचं सगळ्यांत कठीण.

आणखी एका गोष्टीने नवे पाळणारे हमखास घाबरतात. ॲकी चालता चालता थांबते आणि तिचा गळा आत-बाहेर, आत-बाहेर व्हायला लागतो. "धाप लागली! फुफ्फुसं बिघडली!" अहो, नाही. तो तिचा हवेचा पंप आहे. पाली-सरड्यांची एक अडचण असते. पळताना त्यांचं अंग नागमोडी वळतं. ज्या स्नायूंनी शरीर वळवायचं, त्याच स्नायूंनी छातीही हलवायची, मग पळणं आणि श्वास घेणं एकदम जमणार कसं? घोरपडीच्या कुळाने यावर तोड काढली. गळ्याची पिशवी फुगवायची आणि तिथली हवा फुफ्फुसांत ढकलायची. १९९९ साली शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या सॅव्हाना मॉनिटर नावाच्या घोरपडीला सरकत्या पट्ट्यावर चालवून हे तपासलं. जिममध्ये असतो तसल्याच पट्ट्यावर! तोंड उघडं राहील अशी सोय करून तिचा गळ्याचा पंप बंद पाडला, तेव्हा वेगाने चालताना तिला पुरेशी हवा घेता येईना. पुढे याच जातीच्या फुफ्फुसांत आणखी एक नवल सापडलं. आपल्या फुफ्फुसांत हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परत येते. घोरपडीच्या फुफ्फुसाच्या बऱ्याच भागात ती एकाच दिशेने फिरत राहते, पक्ष्यांच्या फुफ्फुसांत फिरते तशी. तेव्हा गळा हलतोय म्हणून रात्री डॉक्टरांना उठवायचं कारण नाही. तोंड सतत उघडं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला घरघर असं दिसलं तर मात्र उठवायचं.

बरं, पण जेवणाचं काय? पाचवा दिवस उजाडला, बाई अजून उपाशी!

अशा वेळी शहाणा माणूस ॲकीचं तोंड उघडून बघत नाही, तो थर्मामीटर उचलतो. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. तिचं शरीर ती बाहेरून घेतं. अंग तापलं नाही तर भूक लागत नाही, आणि खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. पण किती ऊब हवी, हे ऐकून तुम्ही डोळेच विस्फाराल. दिव्याखालचा दगड ५५ ते ६५ अंश सेल्सिअस! एवढ्या तापल्या दगडावर आपण हातही ठेवू शकणार नाही. ॲकी मात्र त्यावर पोट टेकून पसरते, काही मिनिटांत अंग तापवून घेते आणि उठून जाते. तिला दिवसभर भाजून घ्यायचं नसतं. म्हणून पेटीचं दुसरं टोक थंड, २५ अंशांच्या आसपास लागतं. गरम जागा तिची, थंड जागाही तिची. कधी कुठे जायचं ते तिचं ती ठरवते. इथेच नवखे लोक फसतात. काचेला चिकटवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. दगडाचं मोजायला कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे त्याच तत्त्वावर चालणारं, पण वस्तूंसाठी बनवलेलं यंत्र लागतं. ते रोखलं आणि आकडा आला ३८, की बाईंच्या उपासाचं कारण सापडलं! मग दिवा जरा खाली घ्यायचा. पण तिने उडी मारली तरी चिकटणार नाही इतक्या अंतरावर, नाहीतर पाठ भाजायची.

दुसरी फसगत मातीची. "वाळवंटातला प्राणी ना? मग टाका कोरडी वाळू!" असं वाटणं साहजिक आहे. पण वाळवंटात दुपारी बाहेर हिंडतं कोण? ॲकी दगडाखाली आणि बिळात असते, आणि जमिनीच्या पोटात ओल असते. म्हणून पेटीत वीतभर नव्हे, चांगली फूटभर माती हवी, वाळू मिसळलेली आणि मुठीत दाबली तर गोळा होईल इतपत ओलसर. मग ती स्वतः बीळ खणते. बीळ ढासळत नाही, आत दमटपणा टिकतो. आणि बीळ मिळाल्यावर, ऐका बरं, ती जास्त लपत नाही. उलट जास्त बाहेर येते. लपायला हक्काची जागा आहे म्हटल्यावर धीर येतो. मादीला तर ही माती फारच महत्त्वाची. नर नसला तरी तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात, आणि खणायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडकतात. मग जिवावरच बेततं.

शरीरात पाणी कमी पडतंय हे कसं ओळखायचं? शी बघून! नाक मुरडू नका, डॉक्टरही तेच करतात. ॲकीच्या शीमध्ये एक काळपट भाग असतो आणि एक पांढरा. पांढरा भाग म्हणजे तिची लघवी, घट्ट झालेली. पाण्याची बचत म्हणून हे प्राणी शरीरातला कचरा युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. तो भाग मऊ आणि पांढरा असेल तर झकास. पिवळट, खडूसारखा कडक, रवाळ असेल तर तिला पाणी कमी पडतंय. असंच महिनोन्महिने चाललं तर युरिक ॲसिडचे खडे सांध्यांत आणि मूत्रपिंडांत साचतात. कुणाच्या आजोबांना गाउट असेल तर त्यांना विचारा, किती ठणकतं ते.

आता हाडं. लहान मुलांना ऊन आणि कॅल्शियम मिळालं नाही तर मुडदूस होतो, हे शाळेत शिकलात ना? ॲकीला तसाच आजार होतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असलं तरच अन्नातलं कॅल्शियम शरीराच्या कामी येतं. नाहीतर रक्त हाडांतूनच कॅल्शियम उचलायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. म्हणून किड्यांना कॅल्शियमची पूड फासून वाढायचं आणि पेटीत अतिनील किरणांचा खास दिवा लावायचा. "खिडकीशी ठेवली तर?" चांगला प्रश्न! पण खिडकीची साधी काच नेमके हवे तेच किरण अडवते. ऊन दिसतं, ऊबही लागते, आणि कामाचं ते बाहेरच राहतं.

हे फार पूर्वी ओळखलेल्या एका बाईंची ओळख तुम्हाला करून द्यायलाच हवी. जोन प्रॉक्टर. जन्म १८९७, लंडनचा. लहानपणापासून तब्येत तोळामासा. आतड्याच्या दुखण्याने कॉलेजला जाणंही राहून गेलं. पण घरात सरडे पाळलेले, आणि शाळेत तर एकदा छोटी मगरच घेऊन गेल्या! १९२३ साली त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख झाल्या, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. तिथलं नवं सर्पालय त्यांच्या कल्पनेतून उभं राहिलं आणि १९२७ साली उघडलं. विजेची ऊब, तीही प्रत्येक कोपऱ्यात सारखी नाही, कुठे जास्त कुठे कमी; आणि अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच. म्हणजे मँचेस्टरमधल्या आपल्या ॲकीच्या पेटीत जे जे लागतं, ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जोनबाईंनी जमवून ठेवलं होतं.

त्याच वर्षी त्यांच्याकडे दोन पाहुणे आले, इंडोनेशियातून. कोमोडो ड्रॅगन! म्हणजे घोरपडीच्या कुळातले सगळ्यांत मोठे. हे दहा फुटांपर्यंत वाढू शकतात. त्यांतल्या एकाचं नाव ठेवलं सुंबावा. लोकांना वाटलं होतं की हा राक्षस माणसं फाडून खाईल. जोनबाईंनी त्याला घाई केली नाही, हाताने खाऊ घातलं. पुढे तो त्यांच्याबरोबर बागेत फिरायला जाऊ लागला. दिशा बदलायची झाली की त्या मागून त्याची शेपटी धरून वळवायच्या. मुलंसुद्धा त्याला थोपटायची. १९२८ साली शास्त्रज्ञांच्या सभेत जोनबाईंनी कोमोडो ड्रॅगनवर निबंध वाचला, तेव्हा सुंबावा स्वतः हजर होता. वर्गात ज्याच्यावर धडा, तोच बाकावर! जोन प्रॉक्टर वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेल्या, पण नव्या प्राण्याला घर कसं मानवतं हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं, असं माझं मत.

ही मंडळी माणसं ओळखायला शिकतात, यात मला तरी नवल वाटत नाही, कारण डोक्याने ती तल्लखच. अमेरिकेतल्या डॅलसच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी घोरपडीच्या आठ पिल्लांना एक पारदर्शक नळी दिली. आत उंदीर, आणि नळीला बिजागरीची दारं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी आठही पिल्लांनी दहा मिनिटांच्या आत दार उघडून उंदीर पटकावले. दुसऱ्या खेपेला तर आणखी लवकर. २००८ साली हा प्रयोग छापून आला. मग रोज चिमट्यात टोळ धरून येणारा हात कुणाचा, हे ॲकीला कळायला कितीसा वेळ लागणार?

खाण्यावरून आठवलं. लाडाने मारणं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर सॅव्हाना मॉनिटर बघावी. घानासारख्या पश्चिम आफ्रिकी देशांतला हा प्राणी रानात भुंगे, रातकिडे, गोम, विंचू, गोगलगायी असलं शोधून शोधून खातो. घरी मात्र लोक त्याला आयते उंदीर भरवतात, कारण तो आवडीने खातो. मी रोज गुलाबजाम आवडीने खाईन, म्हणून कोणी द्यावेत का? सॅव्हाना फुगत जाते, यकृतात चरबी साचते, आणि वर्षानुवर्षांच्या सोबतीऐवजी थोड्याच वर्षांत खेळ आटोपतो.

बाकी बारीकसारीक दुखणी नजर असली की सापडतात. पाण्याच्या भांड्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट, रक्त पिणारे. साप एकसंध कात टाकतो, ॲकीची कात तुकड्यातुकड्यांनी जाते. बोटाच्या टोकाला किंवा शेपटीला तिचं कडं राहिलं तर रक्तपुरवठा तुटून ते टोकच वाळून गळतं. पोटातले जंत शोधायला शीचा नमुना डॉक्टरांकडे न्यायचा. आणि हात, हात, हात! या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. तिला त्रास नाही, आपल्याला जुलाब. पाच वर्षांखालच्या भावंडांनी तर लांबूनच टाटा करायचा.

डॉक्टरकडे जाताना नुसती ॲकी नेऊन भागत नाही. या प्राण्यांचे चांगले डॉक्टर आधी विचारतात, "पेटीचा फोटो आणलाय का? दिवा कुठला, कधी बदलला? दगडाचं तापमान किती? माती किती खोल?" मग कुठे तिला वजनकाट्यावर ठेवतात. घोरपडीची बरीचशी दुखणी तिच्या अंगात सुरूच होत नाहीत, पेटीत सुरू होतात. दुरुस्ती पेटीची करायची असते.

ज्यांना हे सगळं झेपत नाही ते काय करतात, माहीत आहे? काही जण गुपचूप बाहेर सोडून देतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात असंच झालं. आफ्रिकेची नाईल मॉनिटर पाच-सहा फुटांची होते; दुकानात हातभर असते तेव्हा गोड दिसते. सुटलेल्या आणि सोडलेल्या घोरपडी तिथल्या केप कोरल शहराच्या कालव्यांत वाढल्या, स्थानिक पक्ष्यांची आणि कासवांची अंडी फस्त करू लागल्या. शेवटी २०२१ साली फ्लोरिडाने त्या पाळायलाच मनाई केली.

आणि आपल्याकडे? सिंहगड आणि तानाजींची यशवंती घोरपड ही गोष्ट तुम्ही ऐकलेलीच असणार. बहुतेक इतिहासकार तिला दंतकथा मानतात. खरी घोरपड मात्र आजही आपल्या माळांवर, बांधांवर, विहिरीच्या कपारींत आहे. भारतात तिच्या चार जाती आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चारही जातींना वाघाच्या बरोबरीचं, म्हणजे पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण दिलंय. पकडणं, पाळणं, मारणं, तिचं तेल किंवा वाळवलेले अवयव विकणं, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तुरुंगाची. घोरपडीच्या तेलाने गुडघे बरे होतात म्हणणाऱ्या बाजारातल्या काकांना हे जरूर सांगा. गुडघे काही बरे होत नाहीत, घोरपड मात्र मरते.

तिला माती, ऊन, बीळ, किडे, सगळं जागच्या जागी मिळालेलं आहे. दिवे लावायला नकोत की थर्मामीटर रोखायला नको. तुमच्या अंगणात किंवा शेतात ती दिसली तर कुत्र्याला बांधा, लांब उभं राहून जीभ बघा, गळ्याचा पंप बघा, वाट मोकळी ठेवा. ती आपली आपण निघून जाईल. घरात किंवा विहिरीत अडकली, किंवा कोणी पकडून ठेवलेली कळली, तर मोठ्या माणसांना १९२६ या नंबरवर फोन करायला सांगा. तो महाराष्ट्राच्या वन विभागाचा नंबर आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.